प्लेटवरच्या झोनची वंशावळ

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकवणारे कुठलेही महाविद्यालय घ्या. प्रोजेक्ट जमा करायचे दिवस जवळ आले की तिथल्या इन्क्युबेटरमध्ये प्लेटांच्या चळती लागलेल्या असतात. प्लेटमध्ये फिकट पिवळ्या अगरचा थर, त्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ई. कोलाय पसरलेला, आणि अगरमध्ये कॉर्कबोररने पाडलेली चार-पाच भोके. एका भोकात तुळशीचा अर्क, दुसऱ्यात लवंगेचे तेल, पुढे कडुनिंब, अडुळसा, ओवा. रात्र उलटते, जंतूंचा दुधट थर सगळीकडे दाटतो आणि काही भोकांभोवती मात्र वाढ होतच नाही. तिथे स्वच्छ गोल राहतो. मुले पट्टी लावून त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ‘झोन आला’ हे वाक्य प्रयोगशाळेत त्या आठवड्यात सगळ्यात आनंदाने उच्चारले जाते.

त्या आनंदाबद्दल मला आदर आहे. डोळ्यांनी न दिसणाऱ्या जंतूला आजीच्या डब्यातल्या ओव्याने रोखलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे ही छोटी गोष्ट नाही. पण त्या गोलावर आपण जो भार टाकतो तो त्याला पेलणारा आहे का, हे त्याच्या घराण्याचा शोध घेतल्याशिवाय कळत नाही. हा गोल कोणी, कुठे, कशासाठी जन्माला घातला? झाडपाला त्याच्या वाट्याला कधी आला? या वंशावळीत दोन घराणी आहेत, एक झाडपाल्याचे आणि एक प्लेटचे. त्यांची सोयरीक बरीच उशिरा झाली.

झाडपाल्याच्या घराण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा कागदोपत्री इतिहास गोव्यापासून धरता येतो. गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापला. पुढे डचांच्या कोचीनमध्ये ‘हॉर्टस मलाबारिकस’चे बारा खंड तयार झाले, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची विद्या आहे. या ग्रंथांत झाडाचे वर्णन आहे, नाव आहे, कशावर देतात ते आहे. देऊन पाहिल्यावर नेमके काय होते याची मोजदाद नाही, आणि त्या काळी ती कोणी मागतही नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच घराण्यात एक थोर पुरुष झाला आणि त्याच्या नोकरीचा मोठा काळ ठाण्याशी जोडलेला आहे. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे ठाण्याचे सिव्हिल सर्जन होते. त्या काळी सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्ह्याचा दवाखाना, तुरुंगातले कैदी, पोलिसांनी आणलेली प्रेते, सगळे एका माणसाच्या माथी. विषबाधेची प्रकरणेही त्याच्याच टेबलावर येत. कीर्तिकरांना वनस्पतींचे वेड होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आधी गरम झऱ्यातल्या शेवाळावर लिहिले, मग मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर रंगीत चित्रांसह मोठी लेखमाला चालवली. अफू, धोतरा, कण्हेर यांचा विचार करणाऱ्या डॉक्टरला एक गोष्ट आपोआप कळलेली असते: वनस्पती ‘निसर्गाची’ आहे म्हणून ती सौम्य असत नाही, आणि प्रश्न नेहमी मात्रेचा असतो.

मराठी वाचकाने हे नाव विसरू नये याला आणखी एक कारण आहे. १९०९ मध्ये बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच कीर्तिकर. वैद्यक, वनस्पतिशास्त्र आणि कविता एकाच माणसात नांदत होत्या. बामनदास बसूंबरोबर त्यांनी ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १९१८ मध्ये अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसातून बाहेर पडला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले होते. आजही एखादा विद्यार्थी प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ‘पारंपरिक उपयोग’ असा परिच्छेद लिहितो तेव्हा, त्याला माहीत असो वा नसो, तो बहुतेक वेळा ‘कीर्तिकर आणि बसू’ यांच्याच पानांवरून उतरलेला असतो.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३० च्या दशकात निघाली. तिच्यावर काम करणारी तीन नावे या वंशावळीत फार महत्त्वाची: सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर, फादर काइयस आणि डॉ. कृष्णाजी श्रीपाद म्हसकर. यांतल्या म्हसकर आणि काइयस या जोडीने सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती एकेक करून प्राण्यांवर तपासल्या. १९३१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: यांतली एकही विषावर चालत नाही. मला हे काम कीर्तिकरांच्या ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते. ज्यांनी परंपरेची यादी जिवापाड सांभाळली, त्याच माणसांनी तिच्यातल्या एका मोठ्या भागावर काट मारली. झाडपाल्यावर माया असणे आणि त्याची कसून परीक्षा घेणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आता ओव्याकडे येऊ, कारण दोन्ही घराण्यांची पहिली ओळख ओव्याने करून दिली.

कल्याणच्या किंवा ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत काष्ठौषधीच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ मागा. दुकानदार छोट्या बाटलीतले काचेसारखे खडे देतो. नाव फूल असले तरी ते फूल नव्हे. ओव्याचे तेल ऊर्ध्वपातनाने काढून गार केले की त्यातून हे स्फटिक वेगळे होतात. हे खडे, पुदिन्याचे फूल आणि कापूर एका कोरड्या बाटलीत घालून बूच लावा. पाण्याचा थेंबही नसताना थोड्या वेळात तिन्हींचे पाणी होते, कारण तिन्ही एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली जातो. पुष्कळ मराठी घरांत पोट दुखले की साखरेवर थेंब टाकून देत ती अमृतधारा हीच.

हे स्फटिक पुण्यातल्या दुकानांत विकले जातात, अशी नोंद १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’ या इंग्रजी औषधिग्रंथात आहे. त्याआधी १८५० च्या दशकात स्टेनहाऊस या रसायनज्ञाने आणि मुंबईच्या डॉ. हेन्स यांनी या खड्यांचे पृथक्करण केले होते. युरोपातल्या थाइम या झुडपाच्या तेलात जे थायमॉल सापडते, तेच ओव्यात, आणि भरपूर. ओव्याच्या तेलाचा साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्याहून अधिक भाग थायमॉलचा असतो. मुंबई सरकारचे औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या बाजारू औषधींवर आधी स्वतंत्रपणे आणि मग वॉर्डन व हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त लिहिले, तोवर थायमॉल युरोपातल्या शस्त्रक्रियागृहांत पोचले होते. जखमा निर्जंतुक करायला लिस्टरने रूढ केलेल्या कार्बोलिक ॲसिडने हात सोलून निघत, वास सहन होत नसे. जर्मन शल्यवैद्य जखमा धुवायला थायमॉल वापरून पाहू लागले.

पुढची चाळीस वर्षे भारतातला ओवा पोत्यांनी जर्मनीला गेला आणि थायमॉल बनून जगभर विकला गेला. अंकुशकृमीच्या मोहिमांत थायमॉलच्या पुड्या लाखो माणसांना दिल्या गेल्या. १९१४ मध्ये युद्ध पेटले, जर्मनीची वाट बंद झाली, आणि ज्या देशात ओवा पिकतो त्याच देशात थायमॉल का काढू नये असा साधा प्रश्न सरकारला सुचला. इथे ऊर्ध्वपातन सुरू झालेही. पण नंतर थायमॉल कारखान्यात कृत्रिम रीतीने तयार होऊ लागले आणि ओव्याचा तो सगळा व्यापार मावळला.

थायमॉल जंतू मारते हे त्या काळी कसे मोजत? प्लेटवरच्या गोलाने नव्हे. १९०३ मध्ये रिडील आणि वॉकर यांनी एक रीत बसवली: टायफॉइडचे जंतू औषधाच्या द्रावणात सोडायचे, ठरावीक मिनिटांनी थोडे काढून ताज्या सूपमध्ये घालायचे आणि जिवंत राहिले का पाहायचे. तेवढ्याच वेळात तेवढेच काम करायला कार्बोलिक ॲसिड किती लागते, त्याच्याशी तुलना. हा फिनॉल गुणांक, कारण कार्बोलिक ॲसिड म्हणजेच फिनॉल. थायमॉलचा गुणांक फिनॉलच्या कितीतरी पट भरला. युरोपातली सुगंधी तेले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत याच मापाने तोलली गेली. ऑस्ट्रेलियातले टी-ट्री तेल १९२० च्या दशकात याच मापाने नावारूपाला आले. त्याहीआधी, १८८७ मध्ये, पाश्चरचे सहकारी शांबर्लां यांनी सुगंधी तेलांच्या नुसत्या वाफेने अँथ्रॅक्सच्या जंतूंची वाढ अडते का ते पाहिले होते. म्हणजे तेलांच्या परीक्षेचे पहिले दोन प्रश्न होते: स्पर्शाने किती मिनिटांत मारते, आणि वाफेने अडवते का. दोन्ही प्रश्न तेलाच्या स्वभावाला धरून होते.

आता दुसरे घराणे. जंतू घन पृष्ठभागावर वाढवले तर एकेका जंतूची वेगळी वसाहत मिळते, हे रॉबर्ट कॉख यांना कळले होते. पण त्यांचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळे आणि कित्येक जंतू ते खाऊन पातळ करत. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी सुचवले, अगर वापरा. त्या घरी जेली करायला ते वापरत. जाव्यात राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांना ते कळले होते. समुद्री शेवाळाचे हे अगर आपल्याकडे चायना ग्रास म्हणून पुडिंगमध्ये पडते. ते उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाला वितळते पण एकदा थिजले की ३७ अंशांवर घट्ट राहते. १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली. ठाण्या-मुंबईच्या हवेत जिलेटिनवर हे शास्त्र उभेच राहिले नसते. ते उभे राहिले ते एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ज्ञानावर.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कल्याण जंक्शनवर गाड्यांतून उतारूंना उतरवून तपासणी होऊ लागली आणि जंतूशास्त्र या भागातल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात धाक बनून शिरले. लसीचे संशोधक हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत पोचले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला आपली लस टोचून घेतली. जंतू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मांसाचे सूप घेतले, गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून. सूपवर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. १८९९ पासून ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात आहे, आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून. मुंबई-ठाण्याच्या सूक्ष्मजीवशास्त्राचे मूळ घर तेच.

पण झोन अजून आला नव्हता. अगरमध्ये एखादा पदार्थ एका जागी ठेवला की तो चहूकडे झिरपत जातो आणि अंतराप्रमाणे पातळ होत जातो, हे डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८९ मध्येच दाखवले होते. फ्लेमिंग यांनी अगरमध्ये चर खणून त्यात परीक्ष्य पदार्थ भरण्याची युक्ती वापरली. खरी गरज निर्माण झाली ती १९४० च्या सुमारास, ऑक्सफर्डमध्ये. फ्लोरी आणि चेन पेनिसिलिन शुद्ध करत होते आणि रोजच्या बुरशीच्या रसात ते किती आहे हे त्यांना मोजायचे होते. नॉर्मन हीटली यांनी जंतू पेरलेल्या अगरवर काचेच्या नळीचे छोटे तुकडे उभे केले, त्यांत रस भरला आणि दुसऱ्या दिवशी भोवतालच्या गोलाचा व्यास मोजला. व्यास जास्त तर पेनिसिलिन जास्त. झोनचा जन्म इथला. पदार्थ ठाऊक, तो एकच, पाण्यात सहज विरघळणारा. फक्त त्याचे प्रमाण काढायचे होते.

नळीच्या जागी कागदाच्या चकत्या आल्या. दवाखान्यांत त्यांचा उपयोग वेगळ्या कामाला झाला: या रोग्याचा जंतू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो ते सांगायला. प्रत्येक प्रयोगशाळेची रीत निराळी, त्यामुळे गोंधळ. सिॲटलमध्ये बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ मध्ये सगळे बांधून टाकले: म्यूलर-हिंटन अगर, त्याच्या थराची जाडी ४ मिलिमीटर, चकतीचा व्यास ६ मिलिमीटर, जंतूंच्या द्रवाचा गढूळपणा ठरावीक, तापमान ठरावीक. प्रत्येक औषधाची चकतीतली मात्रा ठरलेली. आणि सगळ्यात मोठे काम, प्रत्येक औषधासाठी किती मिलिमीटरपासून पुढे ‘चालते’ म्हणायचे याचा वेगळा तक्ता. तो तक्ता रोग्याच्या रक्तात ते औषध किती चढते याच्याशी जुळवलेला. एका औषधाच्या १८ मिलिमीटरची दुसऱ्या औषधाच्या १८ मिलिमीटरशी तुलना करता येत नाही, हा या रीतीचा कणा आहे.

आपल्याकडे हे घराणे पिंपरीला रुजले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. पेनिसिलिनच्या कारखान्यात रोजची मोजणी प्लेटवरच होत असे. तिथेच थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. आणि आज या प्लेटचे माहेर ठाण्यात आहे असे म्हणता येईल. म्यूलर-हिंटनची भुकटी, प्रतिजैविकांच्या चकत्या, तयार प्लेट हे सगळे बनवणाऱ्या हायमीडिया कंपनीचा पत्ता वागळे इस्टेटचा आहे. देशभरच्या प्रयोगशाळांत जाणारे डबे ठाण्याचा पिनकोड छापून निघतात.

मग सोयरीक. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. ठाण्यात चेंदणीला विद्या प्रसारक मंडळाचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय. डोंबिवली, उल्हासनगर इथेही विज्ञानशाखा वाढल्या. पदव्युत्तर वर्ग आले, मग पदवीच्या शेवटच्या वर्षालाही प्रोजेक्ट आला. प्लेटच्या प्रयोगाला फारसे काही लागत नाही: ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, बर्नर, लूप. झाडे दाराशी आहेत. येऊरच्या जंगलात, मलंगगडाच्या पायथ्याशी, शहापूर-मुरबाडहून येऊन स्टेशनाबाहेर पाल्याच्या जुड्या मांडून बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांच्या टोपल्यांत. आणि विषयाला आज खरी निकड आहे, कारण जुनी प्रतिजैविके एकामागून एक निकामी होत आहेत. मुलांनी झाडपाला प्लेटवर घातला यात नवल नाही. मी तर म्हणेन, घातला हे चांगले झाले.

अडचण पुढे आहे. हिशेब मांडून पाहू. जेंटामायसिनच्या चकतीत औषध असते १० मायक्रोग्रॅम. प्रोजेक्टमध्ये अर्काचे द्रावण पुष्कळदा मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असे करतात आणि भोकात १०० मायक्रोलिटर घालतात. म्हणजे १० मिलिग्रॅम. हजारपट. दोन्हींचे गोल शेजारीशेजारी येतात, अर्काचा १६ मिलिमीटर, जेंटामायसिनचा २०, आणि अहवालात वाक्य येते की अर्क प्रतिजैविकाच्या जवळपास प्रभावी आहे. पट्टी चुकलेली नाही, व्यास खरा आहे. तुलना मात्र मुळातच बसत नाही. अर्कात शेकडो रसायने, त्यांतले कोणते किती हे ठाऊक नाही, आणि बाउअर-कर्बींच्या तक्त्यात अडुळशाचा रकाना नाही. मिथेनॉलात काढलेल्या अर्काच्या गोलात मिथेनॉलचाही वाटा असू शकतो. म्हणून नुसत्या मिथेनॉलचे एक भोक प्रत्येक प्लेटवर हवे.

तेलाची गोष्ट याहून नाजूक. प्लेट समोर धरून पाहा. भोकात सोडलेले ओव्याचे तेल अगरमध्ये शिरत नाही, वरच तवंग धरून बसते, कारण अगर म्हणजे बहुतांशी पाणी. थोडे कडेने सरकते, बरेचसे उडून झाकणाखाली भरते. मग कधी अख्खी प्लेटच कोरी राहते, शेजारच्या तुळशीच्या भोकाचा गोलही ओव्याच्या वाफेने फुगतो. तर कधी जोरकस तेलाचा गोल बारीक दिसतो. हा दोष केवळ तेलाचा नाही. कोलिस्टिन हे आजचे शेवटच्या फळीतले प्रतिजैविक अगरमध्ये नीट झिरपत नाही, म्हणून त्याची परीक्षा चकतीने करू नये असा जागतिक दंडक आहे; ती सूपमध्ये पातळ पातळ करत घ्यायची. अतिदक्षता विभागातल्या औषधाला जो न्याय, तो ओव्याच्या तेलाला का नको?

प्लेटच्या नजरेतून जे निसटले त्यांची यादी मला जास्त अस्वस्थ करते. पहिले कोकणातले कडू कवठ. त्याच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर देण्याची चाल जुनी; डायमॉक आणि कीर्तिकर दोघांनी त्याची दखल घेतली. सल्फोन औषधे येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, या कुळातली तेलेच जगभर कुष्ठरोगाचे मुख्य औषध होती. कुष्ठरोगाचा जंतू आजतागायत कोणत्याही प्लेटवर वाढलेला नाही. तेव्हा ज्या एका देशी तेलाने जंतुजन्य रोगात जगाचे औषध म्हणून इतकी वर्षे काम केले, त्याची परीक्षा या रीतीने घेताच आली नसती.

दुसरी गुळवेल. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. डहाणूकरांचे मराठी ललित लेखन वाचलेल्यांना हे नाव वेगळे सांगायला नको. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने छापलेला प्रयोग असा: उंदरांना आधी गुळवेल दिली, मग पोटात ई. कोलाय टोचला. गुळवेल न दिलेले मेले, दिलेल्यांपैकी बहुतेक वाचले. त्याच गटाने गुळवेलीचा अर्क थेट जंतूंवर घालून पाहिला. तिथे तो काहीच करत नव्हता. काम शरीरातल्या पांढऱ्या पेशी करत होत्या, गुळवेल त्यांना चालना देत होती. प्लेटवर भोक पाडून गुळवेल घातली असती तर ‘झोन नाही’ असे लिहून विषय तिथेच संपला असता.

करोनाच्या काळात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली, किंमत दीड कोटीहून अधिक. कातकऱ्यांच्या हाताला रास्त दाम मिळाल्याचे समाधान मोठे आहे. त्याच काळात, २०२१ मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी छापल्या. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेल खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आधी ठरवा. वाद कोणत्याही बाजूने पाहा. प्रश्न शेवटी कीर्तिकर आणि ब्लॅटर यांच्या दारात येतो, की हातातली वेल कोणती.

तिसरी दारुहळद. तिच्यातले बर्बेरिन एकटे स्टॅफिलोकोकसवर दुबळे पडते, कारण जंतू ते पंपाने बाहेर फेकतो. २००० मध्ये स्टर्मिट्झ, लुईस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दारुहळदीच्या वंशातल्या झाडांत तो पंप अडवणारे दुसरे रसायन असते. स्वतः ते जंतूला मारत नाही. दोन्ही एकत्र आली की बर्बेरिन जोर धरते. त्या दुसऱ्या रसायनाच्या नावात कडू कवठाच्या लॅटिन नावाचा अंश आहे, कारण त्याच्या जातभाईची ओळख आधी त्याच्या बियांत पटली होती. अर्क घटकांत फोडून एकेकाचा झोन पाहणाऱ्याने हा पदार्थ पहिल्याच फेरीत मोरीत ओतला असता.

हे सगळे लिहिताना प्लेट टाकून द्या असे मला मुळीच म्हणायचे नाही. पहिली चाळणी म्हणून ती चांगली आहे, आणि हात बसायला तिच्यासारखी शाळा नाही. फक्त पुढची पायरी त्याच प्रयोगशाळेत, जवळजवळ त्याच खर्चात शक्य आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये तेल पाण्यात मिसळवणाऱ्या थोड्या ट्वीनसह सूपमध्ये निम्मे निम्मे पातळ करत न्यायचे आणि किती कमी प्रमाणात वाढ थांबते ते पाहायचे. शेजारी नुसत्या ट्वीनची रांग. वाफेसाठी प्लेट उलटी ठेवून झाकणाच्या आत कागदाच्या चकतीवर तेलाचा थेंब द्यायचा, शांबर्लांचा प्रश्न १८८७ पासून वाट पाहतो आहे. झाडाची फांदी फुलासह दाबून तिचा नमुना सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ताडून घ्यायचा. झोन आला नाही तर तेही छापायचे, जसे म्हसकर आणि काइयस यांनी छापले.

आणि तेलाला त्याचे जुने काम विचारायचे. थायमॉल पोटात किंवा रक्तात प्रतिजैविकासारखे चालेल याला आधार नाही. तेवढे प्रमाण रक्तात चढवणे माणसाला झेपणारे नाही. शरीराबाहेर मात्र त्याने आपली जागा कधीच सोडलेली नाही. लिस्टरीन १८७९ पासून आहे आणि तोंड धुण्याच्या त्या पाण्यात थायमॉल आजही आहे. ओटे, फरश्या, उपकरणे पुसायच्या कित्येक जंतुनाशकांतही ते आहे. विळीच्या पात्यावर, लाकडी पोळपाटावर, दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेवर ओव्याचे तेल किती मिनिटांत किती जंतू मारते, कल्याणच्या बाजारातल्या ओव्यात थायमॉलचे प्रमाण पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात किती बदलते, विकत मिळणाऱ्या खड्यांच्या बाटलीत अस्सल ओव्याचे फूल आहे की कारखान्यातले, हे तीन प्रश्न एका वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये बसतात, आणि त्यांना लागणारा माल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो.